बादल्यांचं चिलखत

मित्रांनो, मी एक जुनं चिलखत आहे. चिलखत म्हटलं की तुम्हाला लढाया आणि घोडदळ आठवेल, पण ते सगळं बाजूला ठेवा. मी एकाही लढाईत गेलेलो नाही. मी प्लॅस्टिकचा आहे. नीटच सांगायचं तर दोन फुटक्या बादल्या, एक पंचवीस लिटरचा कॅन आणि मोरीतले दोन मग, एवढ्यांचा मिळून मी झालो. आज हे सहज सांगून टाकलं खरं, पण एके काळी कुणी विचारलं असतं तर मी जमिनीत तोंड खुपसलं असतं. पुढे मला आणखी मोठी लाज वाटण्यासारखं घडलं. ते सांगण्यासाठीच तोंड उघडलं आहे.

माझा जन्म १९८३ च्या डिसेंबरातला, डोंबिवलीतला. तेव्हा आमच्या भागात नळाला सकाळी तासभर पाणी यायचं आणि तेवढ्यात घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवावं लागायचं. बादलीला चीर गेली की त्या घराचं सगळं वेळापत्रक कोलमडायचं. पण म्हणून लगेच नवी बादली आणायची रीत नव्हती. फुटलेली बादली सांधून घ्यायची. सहजीवन सोसायटीत हे काम हौसाबाई करायची.

हौसाबाई मूळची माण तालुक्यातली, राहायला विठ्ठलवाडीला. दर गुरुवारी ती सोसायटीच्या आवारात यायची आणि पंपाच्या खोलीशेजारी, जांभळाखाली गोणपाट पसरून बसायची. पुढ्यात कोळशाची शेगडी आणि तिच्यात खोचलेल्या चपट्या तोंडाच्या दोन सळया, एवढाच तिचा कारखाना. तापलेली सळई चिरेवरून फिरवायची, कडा वितळल्या की वर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी बसवायची आणि सळईच्या टोकाने दाबत दाबत पुढे जायचं. करंजीला मुरड घालावी तशी जाड, वळणावळणाची रेघ मागे उमटत जायची. या प्लॅस्टिकला कुठलाच गोंद धरत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याशी जुळेल हे ती कडेचा कण जाळून, त्याचा वास घेऊन ठरवायची. तिचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शीलाताई टिपणीस राहायच्या. पोस्टात नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ महिला मंडळाचं नाटक. त्या वर्षी मंडळातल्याच एका बाईंनी ऐतिहासिक नाटक लिहिलं होतं. पुरुषांची कामंही बायकाच करणार होत्या आणि किल्लेदाराचं मुख्य काम शीलाताईंकडे होतं. भाड्याने मिळणारं चिलखत पुरुषी मापाचं. त्यात शीलाताई दोनदा मावल्या असत्या. घालून बघितलं तेव्हा सगळ्या जणी पोट धरधरून हसल्या. शीलाताईही हसल्या, पण दुसऱ्या दिवशी दोन फुटक्या बादल्या घेऊन खाली उतरल्या.

"हौसाबाई, याचं चिलखत होईल का गं?"

हौसाबाईने आधी बादल्यांकडे पाहिलं, मग शीलाताईंच्या खांद्यांकडे. "हुईल की," ती म्हणाली. "पर मापाला उभं ऱ्हावं लागंल."

तीन गुरुवार माझं काम चाललं. कॅन उभा चिरून, कढत पाण्यात मऊ करून, पालथ्या कळशीवर दाबून तिने माझी छाती घडवली. कॅनवरची अक्षरं दिसू नयेत म्हणून छापील बाजू मुद्दाम आत घेतली. निळ्या बादलीची पाठ झाली आणि लाल बादलीच्या पट्ट्यांची खालची झालर. खांद्यांसाठी गोलाई मिळेना, तेव्हा तिने स्वतःच्या पिशवीतून दोन जुने मग काढले आणि अर्धे कापले. शीलाताई समोर उभ्या राहून तुकडे धरायच्या आणि हौसाबाई सांधत जायची. चटका बसेल म्हणून मधूनच ती शीलाताईंचा हात बाजूला सारायची. त्या तीन गुरुवारांत दोघी बऱ्याच बोलल्या, माणच्या दुष्काळाबद्दल, पोस्टातल्या साहेबाबद्दल, गुडघ्यांबद्दल. शेवटी हौसाबाईने मला शेगडीच्या धगीवरून झटकन फिरवलं, कारण धग दाखवल्याशिवाय या प्लॅस्टिकवर रंग बसत नाही. मग चंदेरी रंगाचे दोन हात झाले आणि मी मलाच ओळखेना.

देताना तिने एकच गोष्ट बजावली. "बाई, सांध्याला हात लावू नगा. जाड दिसतोय, दिसू द्या. त्यो जाड हाय म्हणून तर धरतोय."

नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी जानेवारीत कल्याणला झाली, दुपारच्या वेळी. शीलाताईंनी हौसाबाईला पास दिला होता. धुतलेलं लुगडं नेसून ती शेवटच्या रांगेत बसली. मी रंगमंचावर आलो तेव्हा दिव्यांखाली असा काही झळकलो की पुढच्या रांगेतली एक म्हातारी चक्क उठून उभी राहिली. नाटक रंगलं. निकालात वेशभूषेचं पहिलं पारितोषिक आमच्या मंडळाला मिळालं. परीक्षकांनी शीलाताईंना माइकजवळ बोलावलं आणि कौतुकाने विचारलं, असं चिलखत कुठून आणलंत?

शीलाताईंनी तोंड उघडलं. शेजारी मंडळाच्या अध्यक्षा कांताबाई प्रधान उभ्या होत्या, समोर चार मंडळांच्या बायका. बादल्या आणि मग हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले असणार, कारण त्या क्षणभर अडखळल्या. मग त्यांनी नजर मागच्या रांगेवरून काढून घेतली.

"मुंबईहून मागवलं," त्या म्हणाल्या. "तिथल्या एका कपडेपटवाल्याकडून."

टाळ्या पडल्या. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला ते आवडलं. मोरीतल्या मगाचा एकदम मुंबईचा सरदार झालो. शेवटच्या रांगेत एक बाई हातातला पास घडी घालून कमरेला खोचत होती, हे मला दिसत होतं. तरी मी टाळ्याच ऐकत राहिलो. ही माझी पहिली लाज.

पुढच्या गुरुवारी हौसाबाई नेहमीसारखी आली. "झालं न्हवं समदं नीट?" एवढंच तिने विचारलं. शीलाताई "हो" म्हणाल्या आणि भाजी टाकायची आहे असं सांगून वर आल्या. भाजी सकाळीच झाली होती.

पण एक खोटं सांगितलं की त्याची बडदास्त ठेवावी लागते. परीक्षकांनी जाता जाता सुचवलं होतं की सांधे तेवढे ओबडधोबड दिसतात, अंतिम फेरीपूर्वी त्या कपडेपटवाल्याकडून साफ करून घ्या. कांताबाई रोज आठवण करू लागल्या. मुंबईच्या मालाला अशा गाठी कशा, असंही एकदा म्हणाल्या. शीलाताई हौसाबाईकडे कुठल्या तोंडाने जाणार होत्या? एका रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, त्या मला घेऊन गॅलरीत बसल्या. आधी कानस, मग पॉलिश पेपर. हौसाबाईच्या मुरडीचा चुरा फरशीवर पडत होता. मला कळत होतं की माझ्यातली ताकद जाते आहे, पण आपण गुळगुळीत होतो आहोत याचाच मला हर्ष. वरून पुन्हा चंदेरी रंग लागला. आता सांधा शोधून सापडला नसता.

अंतिम फेरी फेब्रुवारीत ठाण्याला, मोठ्या नाट्यगृहात. तिसऱ्या अंकात किल्लेदार दिंडी दरवाजात उभा राहून तलवार उपसतो आणि मावळ्यांना हाक देतो. शीलाताईंनी हात वर नेला आणि माझा उजवा खांदा टचकन सुटला. मग घरंगळत पायदिव्यांपर्यंत गेला. त्याच्या मागोमाग छाती उघडी झाली, पाठीपासून लोंबली आणि खाली पडली, तीही पालथी. आतली छापील बाजू सगळ्या नाट्यगृहासमोर आली. पंचवीस लिटर. शीलाताई यजमानांच्या पांढऱ्या शर्टात, हातात तलवार घेऊन उभ्या.

"किल्लेदार," मधल्या रांगेतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "तुमची बादली पडली."

ते हसू थांबता थांबेना. पडदा पाडावा लागला. रंगमंचावरच्या धुळीत पालथा पडून मी ते ऐकत होतो, आणि त्या दिवसापासून हसण्याचा आवाज आला की मला आधी स्वतःचीच आठवण येते.

रंगपटात कांताबाईंचा संताप मावत नव्हता. मुंबईचा कोण तो कपडेपटवाला, त्याचं नाव सांग, मी त्याला कोर्टात खेचते, असं त्या ओरडत होत्या. सगळ्या जणी शीलाताईंकडे पाहत होत्या. आतली छापील अक्षरं तर सगळ्यांनीच वाचली होती. एक खोटं टिकणार नाही हे शीलाताईंना दिसलं, आणि त्यांनी ते सोडून दिलं. पण त्या खऱ्यावर आल्या नाहीत.

"मुंबईचं नव्हतं ते," त्या खाली बघत म्हणाल्या. "खालच्या बादलीवालीकडून करून घेतलं होतं. तिचे सांधे कच्चे निघाले."

कानशीचं नावही निघालं नाही. बक्षीस मिळालं तेव्हा मी मुंबईचा होतो, आणि फुटलो तसा लगेच हौसाबाईचा झालो. मला तोंड असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढे आठ वर्षं स्वतःला समजावत आलो. आता तेही खरं वाटत नाही. कौतुकाच्या वेळी बोलावंसं वाटलं नव्हतं, मग तेव्हा तरी कशाला वाटलं असतं?

कांताबाईंचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी. आठवड्याच्या आत वॉचमनला सूचना गेली की बादलीवालीला आत सोडायचं नाही. तिचे सांधे टिकत नाहीत, ही गोष्ट पाचही इमारतींत फिरली आणि पाणी भरताना चवीने बोलली जाऊ लागली. हौसाबाई पुढचे तीन गुरुवार आली. फाटकाशी वॉचमनशी दोन शब्द बोलायची, शेगडी डोक्यावर घ्यायची आणि परत फिरायची. तिसऱ्या गुरुवारी तिने एकदा मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीतल्या खोक्यात मी होतो आणि दाराच्या पडद्यामागे शीलाताई. आम्ही दोघंही हललो नाही.

त्यानंतर माझी रवानगी माळ्यावर झाली. शीलाताईंनी नाटकात काम करणं सोडलं. कारण विचारलं की गुडघे सांगायच्या. माळ्यावर मला दिवाळीच्या साफसफाईखेरीज उजेड दिसत नसे, आणि तो दिसला की शीलाताई मला फडक्याने न पुसता पुन्हा आत सरकवायच्या. उंदरांनी माझी झालर कुरतडली. मित्रांनो, एरवी अशा ठिकाणी जुन्या वस्तू आपल्या हालांचं गाऱ्हाणं सांगतात. मी सांगणार नाही. मला तो अंधार बरा वाटायचा.

पण मोरीत दुसरी एक लाल बादली होती. माझ्या जन्माच्या आधी, १९८३ च्या उन्हाळ्यात हौसाबाईने सांधलेली. तिच्या पोटावरून तीच जाड मुरड गेलेली होती. तिच्याकडे कानस घेऊन कुणी गेलं नव्हतं, कारण मोरीतली बादली कुणाला दाखवायची नसते. रोज सकाळी ती काठोकाठ भरायची आणि एक थेंब गळायची नाही. ज्या बायका हौसाबाईच्या सांध्यांना नावं ठेवत, त्या सगळ्यांच्या घरी तिने सांधलेल्या बादल्या वर्षानुवर्षं पाणी धरून उभ्या होत्या. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शीलाताईंच्या मात्र रोज यायचं. आंघोळीला बसल्या की ती रेघ त्यांच्या डोळ्यांसमोर असायची.

१९९२ च्या जानेवारीत ती बादली फुटली. सांध्यावर नाही, सांध्यापासून चार बोटं लांब, चांगल्या जागी. सांधा होता तसा शाबूत. शीलाताई ओल्या फरशीवर बराच वेळ त्या बादलीकडे बघत बसल्या. मग त्यांनी माळ्यावरून मला काढलं, चादरीत बांधलं, बादली हातात घेतली आणि रिक्षा करून विठ्ठलवाडी गाठली.

हौसाबाई स्टेशनाबाहेर, एका चहाच्या टपरीच्या आडोशाला बसत असे. केस पिकले होते. गिऱ्हाईक तुरळक, कारण आताशा लोक बादली फुटली की टाकूनच देत. शीलाताईंना तिने लगेच ओळखलं आणि गोणपाटाची कड झटकून बसायला जागा केली. शीलाताईंनी चादर सोडली. आठ वर्षांनी मी माझ्या आईसमोर आलो, तोही चार तुकड्यांत.

शीलाताई बोलू लागल्या, पण वाक्य पुरं होईना. शेवटी म्हणाल्या, "हौसाबाई, तुझा सांधा नव्हता सुटला. मी घासला होता. माझ्या हातांनी."

हौसाबाईने तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "माझा सांधा असा निखळून येत न्हाई. येईल तर चांगल्या भागासकट फाटून येईल. कुनीतरी घासला, त्ये मी तवाच वळीखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"इचारलं कुनी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर शीलाताईंना आणि मला सोपं गेलं असतं. शीलाताई रडू लागल्या. हौसाबाईने त्यांना रडू दिलं, सळई शेगडीत सारली आणि कोळसे फुलवले.

"माज्यापाशी रडून काय हुनार, बाई?" ती थोड्या वेळाने म्हणाली. "मला ठावंच हाय. ज्यास्नी ठावं न्हाई, त्यास्नी सांगा."

मग तिने शीलाताईंना तुकडे धरायला लावले आणि मला पुन्हा सांधलं, पहिल्यापेक्षा जाड. बादलीही सांधून दिली.

त्याच आठवड्यात मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शीलाताई मला घेऊन गेल्या. मी टेबलावर, तिळगुळाच्या ताटाशेजारी. मंडळाच्या चाळीसएक बायका, लुटायला प्लॅस्टिकच्या वाट्या. शीलाताई दोनदा उठल्या आणि दोनदा पदर सारखा करून खाली बसल्या. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा माळा. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा मात्र त्यांनी सगळं सांगितलं. मुंबईचं खोटं, कानस, रंगपटातलं दुसरं खोटं आणि फाटकावरून परत गेलेली बाई. माझ्या सांध्यावर हात ठेवूनच त्या बोलत होत्या.

कांताबाई म्हणाल्या, "अगं, किती जुनं ते. एका बादलीवालीचं एवढं काय मनाला लावून घेतेस?" दोघीचौघींनी माना डोलावल्या, कुणीतरी वाट्या वाटायला घेतल्या आणि हळदीकुंकू पुढे सुरू झालं. इतकी वर्षं जे सांगायची छाती झाली नव्हती, ते ऐकून कुणाच्या हातातली वाटीसुद्धा हलली नाही. त्या दिवशी शीलाताईंना लाज वाटली ती मघाच्या कबुलीची नव्हती. अशाच बायकांच्या भीतीने आपण एका बाईची जागा घालवली, याची होती.

तरी चार दिवसांनी शेजारच्या इमारतीतल्या रखमाबाई एक चिरलेली बादली घेऊन जिना चढून आल्या. हौसाबाई आता येईल का सोसायटीत, त्यांनी विचारलं. शीलाताईंनी तो निरोप विठ्ठलवाडीला नेला. हौसाबाईने मान हलवली. त्या फाटकातून आता आत यायचं नाही, असं ती म्हणाली.

म्हणून आता शीलाताईच जातात. दर गुरुवारी, हातात दोन-तीन बादल्या, कधी एखादं पिंप. ओळखीचं कुणी भेटून विचारलं, हे काय, तुम्ही बादल्या घेऊन कुठे निघालात, तर त्या थांबून सांगतात. सुरुवातीपासून सांगतात. काही जण कंटाळून मधेच निघून जातात.

मी मात्र परत आलो नाही. पहिल्याच गुरुवारी शीलाताईंनी मला हौसाबाईकडे ठेवलं. तिने मला टपरीच्या खांबाला टांगलं आहे, छापील बाजू बाहेर करून. चंदेरी रंग उन्हाने गळून गेला. आता माझा पांढरा कॅन, निळी बादली, मोरीतले मग आणि सगळे जाडजूड सांधे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. शाळेत जाणारी मुलं बोट दाखवून हसतात, "बादलीचं चिलखत" म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू नीट जपा, असं सांगायला मी आलो नाही. माझी नासाडी झाली ती अडगळीने नव्हे. मला अजून कल्याणचा तो दिवस आठवतो. टाळ्या माझ्यासाठी पडत होत्या, आणि मला घडवणारी बाई मागच्या रांगेत पास कमरेला खोचत होती. तुम्हीही एक दिवस कुणीतरी घडवलेलं अंगावर घालून उजेडात उभे राहाल. तेव्हा हे कुणी केलं ते सांगा, तिचं नाव घेऊन सांगा. आणि कुणी विचारलं नाही, तरी सांगा.